आधी बाई पाहा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच पुण्या-मुंबईत पुढच्या जूनचे अर्ज सुटतात. मूल असतं अडीच वर्षांचं. त्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही आणि आईबापांना रात्री डोळा लावता येत नाही.

मग शाळा पाहण्याची मोहीम निघते. शनिवारची सकाळ, तीन शाळा, प्रत्येकीला वीस मिनिटं. गुळगुळीत फरशी पाहिली, भिंतीवरचे हत्ती-जिराफ पाहिले, चेंडूंचा हौद पाहिला, फीचा तक्ता पाहिला.

शिकवणं कुणी पाहिलं?

शनिवारी बहुतेक ठिकाणी मुलंच नसतात. मूल नाही, बाई नाहीत, आवाज नाही. रिकाम्या वर्गात शिक्षणाचा दर्जा शोधणार तरी कुठे?

टोक मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो भेंडी न घेणारी माणसं आपण. पोटच्या पोराचा वर्ग मात्र बंद असताना पाहतो आणि तिथल्या तिथे पैसे भरून मोकळे होतो.

बालवर्गाचा दर्जा मोजणं ज्यांचं कामच आहे, ते काय करतात? थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० साली अमेरिकेत त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. ती घेऊन जाणारा निरीक्षक चालू वर्गात तीन तास बसतो. पुढे रॉबर्ट पियांटा यांनी दुसरी मोजपट्टी आणली. ती जागा-सामान बाजूला ठेवते आणि बाई अन् मुलं एकमेकांशी कशी वागतात, कशी बोलतात, तेवढंच मोजते.

म्हणजे ज्यांना कळतं, ते बाईंकडे पाहतात. आपण रिसेप्शनकडे.

या वर्गात बाई म्हणजेच अभ्यासक्रम. तीन वर्षांच्या मुलाला पुस्तक वाचता येत नाही, फळा कळत नाही, वेळापत्रकाशी त्याचं देणंघेणं नाही. त्याच्यापर्यंत जे काही पोचतं, ते बाईंच्या तोंडून, हातून आणि नजरेतून. बाई चांगल्या असतील तर पत्र्याच्या शेडमधली शाळाही चांगली. बाई वैतागलेल्या असतील तर वातानुकूलित वर्गातही मूल वाळतं.

हे ताराबाई मोडकांना कळलं होतं, तेव्हा देश स्वतंत्रही झालेला नव्हता. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. खडे, शिंपले, बिया, पानं हे साहित्य. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिक्षणाचाच भाग. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

चेंडूंचा हौद तिथे नव्हता. मुलांजवळ बसणारी बाई होती.

आता पाट्यांकडे वळू. गल्लोगल्ली ‘माँटेसरी’ लिहिलेलं दिसतं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. १९३९ साली त्या भारतात आल्या, महायुद्धामुळे अनेक वर्षं इथेच राहिल्या आणि इथले शिक्षक तयार केले. त्यांचं नाव पाटीवर रंगवायला आज कुणाची परवानगी लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

पाटी सोडा, कपाट पाहा. दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, मण्यांच्या माळा हे सगळं काचेआड कुलपात आहे की चटईवर? मूल स्वतः उठून, स्वतः निवडून सामान घेतं का? काम झाल्यावर जागेवर ठेवतं का? माँटेसरी पद्धतीत मुलाला सलग, अखंड काम करू देण्याला सगळ्यात जास्त महत्त्व. दर अर्ध्या तासाला घंटा होत असेल, तर ती पद्धत पाटीपुरतीच आहे.

दुसरी पाटी साखळी शाळांची. साखळीकडून नाव विकत मिळतं, पुस्तकांचा संच मिळतो, गणवेश मिळतो, भिंतीचा रंगसुद्धा ठरवून मिळतो. बाई मिळत नाहीत. त्या ज्याने शाखा काढली, त्यालाच गावात शोधाव्या लागतात.

म्हणून नावाजलेल्या साखळीची एक शाखा उत्तम आणि दोन चौक सोडून असलेली दुसरी अगदी सामान्य, असं सर्रास होतं. शेजारणीचा मुलगा ‘त्याच शाळेत’ रमला होता, हे सांगू नका. कुठल्या बाईंकडे रमला होता?

मग मुख्य प्रश्न विचारा. बाईंचं शिक्षण काय? बालशिक्षणाचा कोर्स केलाय की ‘इंग्रजी चांगलं बोलतात’ एवढ्यावर घेतल्यात? गेल्या दोन वर्षांत किती बाई सोडून गेल्या? या प्रश्नावर मुख्याध्यापिका शांतपणे उत्तर देत असतील तर बसा. विषय बदलत असतील तर उठा.

पगाराचंही विचारा. संकोच कसला? घरकामाच्या ताईंना जेवढे मिळतात, त्याहून कमी पैशात पदवीधर बाई राबवणाऱ्या शाळा सगळ्यांना ठाऊक आहेत. तुमची फी हजारांत आणि बाईंचा पगार लपवायच्या लायकीचा असेल, तर मधले पैसे भिंतीवरच्या जिराफात गेले.

जी बाई जूनमध्ये येते आणि दिवाळीनंतर दिसत नाही, तिला तीन वर्षांच्या मुलाने जीव कसा लावायचा? आणि जीव लावल्याशिवाय या वयात मूल काय शिकणार?

डोकी मोजा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाबरोबर दर्जाचे निकष ठरले. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे किमान एक मोठं माणूस हवं. तीस मुलांच्या वर्गाला किमान ३५ चौरस मीटर जागा, बाहेर खेळायला आणखी ३० चौरस मीटर. कामकाज तीन ते चार तासांचं. बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आणखी पुढे जातात: दर वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि शिवाय एक मदतनीस.

आता तळमजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पस्तीस मुलं आणि एक बाई पाहून या. हॉलचा ‘अॅक्टिव्हिटी एरिया’ आणि बाल्कनीचं ‘प्ले ग्राउंड’ झालेलं असतं.

कायदा काय करतो, असं विचाराल. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था ‘करावी’, एवढंच त्याचं अकरावं कलम सुचवतं. त्या कायद्याने शाळाप्रवेशात मुलांची चाळणी लावायला बंदी केली, दंड ठेवला. पण मुलाची शाळा सुरू होते तिसऱ्या वर्षी आणि कायदा जागा होतो सहाव्या वर्षी.

मधली तीन वर्षं कुणाची?

प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच बजावलं होतं. बालशाळा काढण्यावर आणि चालवण्यावर नियंत्रण आणा, नर्सरीच्या प्रवेशासाठी परीक्षा आणि मुलाखती बंद करा, लेखन-वाचन-गणिताचा भडिमार म्हणजे कोवळ्या मुलांवरची हिंसा आहे. समितीने हिंसा असाच शब्द वापरला होता. त्या वर्षी नर्सरीत गेलेली मुलं आज स्वतः आईबाप होऊन अर्ज भरत आहेत.

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक शाळांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. चांगलं झालं, फार उशिरा झालं. तुमच्या शाळेची नोंदणी झाली का, हे विचारायला विसरू नका. पण नोंदणीने शाळा आहे एवढं कळतं. शाळेत काय चालतं, ते जाऊनच पाहावं लागतं.

तर मग जायचं. आणि वर्गात काय पाहायचं?

आधी ऐका. कोण बोलतंय? बाई एकट्याच बोलतायत आणि मुलं अधूनमधून एका सुरात ‘येस टीचर’ म्हणतायत, तर तो वर्ग शिस्तीचा असेल, शिक्षणाचा नाही. मुलं बाईंशी बोलतायत, एकमेकांशी बोलतायत, भांडतायत, बाहुलीला दटावतायत, तर तिथे शिकणं चालू आहे. चांगला बालवर्ग शांत नसतो.

पण गोंगाट आणि बोलणं यांतही फरक आहे. समजा, एक मुलगी मध्येच उठून सांगते, ‘बाई, आमच्या माडीवर मांजरीला पिल्लं झाली.’ एक बाई म्हणतील, ‘हो का, छान. बस आता खाली, रेघ पुरी कर.’ दुसऱ्या बाई हातातलं काम ठेवून विचारतील, ‘अगंबाई! किती झाली? डोळे उघडले का त्यांनी?’ मुलगी बोटं मोजेल. एक कमी पडेल, पुन्हा मोजेल. तिसरा मुलगा म्हणेल, त्याच्या काकाकडे कुत्रीला झाली होती. कुणी विचारेल, पिल्लं दूध कुठनं पितात. बाई उत्तर सांगणार नाहीत, ‘तुला काय वाटतं?’ म्हणून थांबतील.

या दहा मिनिटांत गणित झालं, भाषा झाली, विज्ञान झालं. आणि आपलं बोलणं मोठ्या माणसाला ऐकावंसं वाटतं, हे त्या मुलीला कळलं.

पहिल्या बाईंच्या वर्गात तेवढ्या वेळात फक्त रेघ झाली.

दोन्ही वर्गांची फी सारखी असू शकते. दोन्हींकडे ‘मूल केंद्रस्थानी’ हेच छापलेलं असू शकतं. माहितीपत्रकात हा फरक कधीच दिसणार नाही, तो बाईंच्या थांबण्यात दिसतो. प्रश्न विचारून बाई किती वेळ थांबतात? लहान मुलाला विचार करून शब्द शोधायला वेळ लागतो. जी बाई एक सेकंद थांबून स्वतःच उत्तर देऊन टाकते, तिने मुलाचं काम हिरावून घेतलं.

बाई कुठे आहेत तेही पाहा. खुर्चीत, की चटईवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला? नावाने हाक मारतात की ‘ए निळा शर्ट’? मूल पडलं तर आधी उचलतात की आधी ‘सांगितलं होतं ना, पळू नको’?

आता लिहिण्याचं. हा या राज्यातल्या बालवर्गांना लागलेला सगळ्यात जुना रोग आहे.

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः त्यांतलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी नुसती कूर्चा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी क्ष-किरणात त्यांतली जेमतेम निम्मी दिसतात. शेवटचं हाड तयार व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतात. आणि आपण अशा हातात पेन्सिल देऊन म्हणतो, चार ओळींच्या वहीत रेघेला धरून ‘ए’ काढ.

हात तयार होतो मातीच्या गोळ्याने, मणी ओवण्याने, कागद फाडून चिकटवण्याने, वाटीतून वाटीत पाणी ओतण्याने, शेंगा सोलण्याने. हे ज्या वर्गात रोज होतं, तिथलं मूल वेळ आली की लिहितं. हे ज्या वर्गात होत नाही, तिथलं मूल आधी लिहितं आणि लवकरच वहीला कंटाळतं.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आलं. त्याने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि खेळ, गोष्टी, गाणी, हातकाम हीच त्याची रीत ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, पाठोपाठ खेळण्यांची ‘जादुई पिटारा’ नावाची पेटी आली. कागदावर आता वाद उरलेला नाही. वहीत मात्र अजून ‘ए फॉर अॅपल’ दहा वेळा.

का? कारण आपण मागतो.

होय, आपणच. ‘माझ्या जावेचा मुलगा शंभरपर्यंत लिहितो, आमचा अजून नुसता खेळतोय.’ हे वाक्य पालकसभेत कुणी ना कुणी म्हणतंच. ज्या बाईंना सगळं कळतं, ज्यांनी कोर्समध्ये मनगटाच्या हाडांचा अभ्यास केला आहे, त्यासुद्धा अशा चार सभांनंतर वर्कशीट काढतात. पालक शाळा बदलतील ही भीती मालकाला आणि नोकरी जाईल ही भीती बाईंना. मधल्या मधे मुलाचा हात दुखतो.

रोज घरी येणारा वर्कशीटचा गठ्ठा हा शाळा काम करते याचा पुरावा समजू नका. कपडे मातीने भरले, बोटाला डिंक चिकटला, खिशात तीन खडे निघाले, तर विचारपूस करा. तो दिवस बहुधा चांगला गेलेला असतो.

फोटोंचंही तसंच. दिवसाला वीस फोटो व्हॉट्सॲपवर यावेत, ही आता पालकांची मागणीच झाली आहे. ते काढतं कोण? ज्यांनी मुलांकडे पाहायचं त्या बाई. आणि खेळात बुडालेलं मूल कॅमेऱ्याकडे पाहत नसतं. सगळी मुलं हसून कॅमेऱ्याकडे पाहतायत, याचा अर्थ खेळ थांबवून फोटो काढला आहे.

स्नेहसंमेलनाला तर वर्षाचा मोठा तुकडा बळी जातो. नाताळाच्या आधीचे कित्येक आठवडे एकाच गाण्यावर एकच हात वर. जो उलटा हात वर करतो, त्याला मागच्या रांगेत. तीन वर्षांच्या मुलाला मागच्या रांगेचा अर्थ नीट कळतो.

आता इंग्रजी. इंग्रजी शिकू नये असं शहाणं माणूस म्हणणार नाही. प्रश्न वयाचा आणि रीतीचा आहे. घरी मराठी, मालवणी, हिंदी, गुजराती किंवा गोंडी बोलणारं मूल पहिल्यांदा आईला सोडून चार तास परक्या ठिकाणी येतं. त्याला शू लागली, पोटात दुखतंय, त्याने मला मारलं, हे सांगायचंय. ते ज्या भाषेत त्याच्या ओठांवर येतं, ती भाषा वर्गात चालते का?

चालत नसेल, तर मूल गप्प होतं. आणि शाळा सांगते, ‘खूप शहाणा आहे हो, अजिबात त्रास देत नाही.’

शाळेचे पहिले दिवस पाहा. काही शाळा आईला किंवा आजीला आठवडाभर वर्गात बसू देतात, मग दारात, मग बाहेर. मूल बाईंना ओळखू लागतं आणि हात सुटतो. काही शाळांत गेटवरून रडतं पोर खेचून घेतात आणि ‘तुम्ही जा, पाच मिनिटांत गप्प होईल’ म्हणतात. गप्प होतंच. रडून रडून थकलेलं मूलही गप्पच होतं.

दोन्ही शाळांना विचारा, रडणाऱ्या मुलाचं काय करता? उत्तरात शाळेचा सगळा स्वभाव येतो.

आणि सुरक्षा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला आणि राज्य हादरलं. तेव्हापासून प्रत्येक शाळा पालकांना आधी कॅमेऱ्याचा पडदा दाखवते. कॅमेरे हवेतच. पण शौचालयात कॅमेरा नसतो, नसायलाच हवा. तिथे विश्वासाचं माणूस लागतं.

म्हणून हा प्रश्न पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत विचारा: शू-शीला मुलाबरोबर कोण जातं? त्या मावशींचं नाव काय, त्या किती वर्षं इथे आहेत, त्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का? मावशींना स्वतः भेटा. व्हॅनच्या काकांबद्दलही हेच विचारा, गाडीत किती मुलं कोंबतात हेही.

याची उत्तरं अडखळत आली, तर पुढचं काही पाहू नका.

इथे अंगणवाडीचं नाव काढलं की मध्यमवर्ग मान फिरवतो. अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. ताराबाईंच्या कल्पनेचं नाव घेतलेलं हे देशातलं सगळ्यात मोठं जाळं. तिथली सेविका मुलांना गाणी शिकवते, वजन घेते, आहार वाटते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, मोबाइलच्या अॅपमध्ये माहिती भरते, सरकारी सर्वेक्षणंही करते. आणि सरकारदरबारी ती अजून ‘मानसेवी’.

एवढ्यातून शिकवायला तिच्याकडे किती वेळ उरतो? तरीही काही अंगणवाड्यांत जे चालतं, ते महागड्या शाळांत दिसत नाही. तुमच्या वस्तीतली अंगणवाडी एकदा तरी आत जाऊन पाहिली आहे का? पाहा. चांगली असेल तर मूल घाला. नसेल तर सेविकेचं ओझं कमी करा, म्हणून नगरसेवकाला आणि आमदाराला धरा. तिथे जाणारी मुलंही याच राज्याची आहेत.

‘अहो, पण कुठली तरी शाळा असली की फायदाच ना?’ नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलान्टी गावी १९६२ ते ६७ मध्ये पेरी प्रकल्प झाला. गरीब घरांतली १२३ मुलं, त्यांतली जवळजवळ निम्मी बालशाळेत, बाकीची नाहीत. एका बाईकडे मोजकीच मुलं, मुलं स्वतः काम ठरवत, आणि बाई दर आठवड्याला दीड तास प्रत्येकाच्या घरी जात. ती मुलं चाळिशीची होईपर्यंत अभ्यासक मागावर राहिले. बालशाळेतली मुलं जास्त कमावत होती, तुरुंगात कमी गेली होती.

त्याच अमेरिकेत टेनेसी राज्याने हजारो मुलांसाठी सरकारी बालवर्ग चालवले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: सहावीपर्यंत ही मुलं, त्या वर्गात न गेलेल्या मुलांच्या मागे पडली होती.

मागे.

म्हणजे वाईट बालवर्गापेक्षा घरी आजीजवळ लसूण सोललेला बरा. शाळेत घालण्याची घाई कशाला? राज्याच्या नियमाने नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. पहिलीला सहा पूर्ण हवीत, असं केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा बजावलं. तरी दीड वर्षाच्या मुलासाठी ‘प्री-नर्सरी’ निघते आणि भरतेही. नोकरीमुळे घरी कुणी नसेल, तर चांगलं पाळणाघर शोधा. त्याला शाळा म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

दूरच्या शाळेचा हट्टही सोडा. तीन तासांच्या शाळेसाठी दोन तास व्हॅनमध्ये? घराजवळची बरी शाळा लांबच्या नामवंत शाळेपेक्षा चांगली. उरलेल्या दोन तासांत मूल झोपेल, खेळेल, आजोबांना प्रश्न विचारून हैराण करेल. तेही शिक्षणच.

शाळा म्हणतील, वर्गात परक्या माणसांना बसू देता येत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. कारण खरं आहे, त्याचा मान ठेवा. आधी वेळ ठरवा. ओळखपत्र दाखवा. फोन बाहेर ठेवा. कोपऱ्यात पाटावर बसा, मुलांशी स्वतःहून बोलू नका, बाईंना सल्ला देऊ नका. आत नाहीच, तर खिडकीतून पाहू द्या म्हणा. डब्याच्या सुट्टीत तरी पाहू द्या म्हणा.

येत्या प्रवेशाच्या हंगामात ऑफिसातून एक दिवस सुट्टी काढा. शनिवार नको, कामाचा वार घ्या. सकाळी नऊ ते बारा तिथे थांबा आणि बाईंवरची नजर हलवू नका. इतकं सांगूनही जी शाळा चालू वर्ग कोणत्याच वाटेने पाहू देत नाही, तिच्या अर्जावर मुलाचं नाव लिहू नका.